रिमोटमध्ये सेल नाहीत, मग टीव्ही लावला कोणी?

तापीकाठ | मंगळवार, रात्री १०:१२

आमच्याकडे भुसावळला मे महिन्यात बिबडे (ज्वारीचे पापड) पहाटे पाचला सुरू होतात, कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. परवा आई, मावशी आणि शेजारच्या दोन काकू असा सगळा कारखाना चालू होता. काम आटपून अकरा वाजता सगळ्या खाली कूलरपुढे येऊन बसल्या. कोणाच्या कोपराला घाटा वाळलेला, कोणी ताक मागतंय, आणि अचानक टीव्ही लागला. तोही पूर्ण आवाजात, वरातीतलं डीजेचं गाणं. मावशीच्या हातातलं ताक सांडलं.

"कोणी लावलं रे?" म्हणून आई माझ्यावर ओरडली. मी जिन्यात होतो, हातात रिकामं पातेलं. रिमोट शोधला तर तो टीव्हीच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून जसाच्या तसा. मागचं झाकण उघडलं तर आत सेलच नाहीत. चार दिवसांपूर्वी आईने ते काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते, कारण आम्ही टीव्ही फोनच्या ॲपवरूनच चालवतो. आणि फोन माझ्या खिशात. शेवटी प्लग ओढला.

संध्याकाळी परत तेच. या वेळी गाणं नाही. आवाज वर-खाली, मागे, होम, मागे, होम. कोणीतरी चिडून बटणं दाबतंय असं. मावशीने नजर उतरवायची तयारी केली. मी लॅपटॉप काढला.

मी प्रोग्रामर नाही, सीसीटीव्ही आणि नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे चुकलो तर जाणकारांनी सुधारावं. टीव्हीला जोडलेला स्ट्रीमिंगचा डबा आहे, फायबरवाल्यानेच कनेक्शनसोबत दिलेला. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला तर छान लॉगिनचं पान येतं. युजर, पासवर्ड, खाली कॅप्चासुद्धा. पाच वेळा चुकलं की दहा मिनिटं थांबा म्हणतो. बघून बरं वाटलं.

पण फोनचं ॲप त्या पानाकडे फिरकतही नाही. ते डब्याच्या आतल्या पत्त्यांवर सरळ हुकूम पाठवतं: आवाज वाढव, अमुक ॲप उघड, रिबूट हो, सगळं पुसून कारखान्यातून आला तसा हो. पहिल्यांदा फोन जोडताना टीव्हीवर चार आकडी पिन येतो. तो टाकला की डबा फोनला एक टोकन, म्हणजे ओळखीचा बिल्ला, देतो, आणि पुढे प्रत्येक हुकमाबरोबर ते टोकन जातं. असं ठरलेलं दिसतं.

मी वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून जाणारी माहिती पकडून दाखवणारा प्रोग्राम) माझ्याच फोनचा आवाज वाढवायचा हुकूम पकडला, त्यातलं टोकन पुसलं आणि लॅपटॉपवरून परत पाठवला. आवाज वाढला. मग टोकनच्या जागी 'भरीत' लिहून पाठवला. तरी वाढला. रिबूटही झाला. म्हणजे डबा टोकन देतो, फोन ते जपून ठेवतो, दर वेळी इमानदारीत दाखवतो, आणि डबा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

आमच्या जंक्शनवर पूर्वी असं चालायचं. मेन गेटवर टीसी उभा, एकेकाचं तिकीट बघतोय, आणि यार्डाच्या बाजूने रूळ ओलांडून आलेला माणूस चहा पीत प्लॅटफॉर्मवर बसलेला.

आता प्रश्न असा की हे करतंय कोण? वायफायचा पासवर्ड मी परवाच बदललाय. आणि याची तक्रार कोणाकडे करतात?

गिरणाई | मंगळवार, रात्री १०:३१

बापरे! आमच्याकडे चाळीसगावला गेल्या महिन्यात अशीच भुताटकी झाली होती. आम्ही मांजराला मारून मोकळे झालो, रिमोटवर बसलं असेल म्हणून. बिचारं.

फुकटफौजदार | मंगळवार, रात्री १०:४४

आवाज वाढला म्हणून एवढा मोठा धागा? प्लग काढा, झोपा. लोकांना व्याप कमी झालेत.

दादरची भाकर | मंगळवार, रात्री ११:०२

हाई काय शे भो! मना घरबी हाऊच डबा शे. आते काय करू?

ब्रॉडगेज | मंगळवार, रात्री ११:५०

मूळचा अमळनेरचा, सध्या पुण्यात याच प्रकारच्या डब्यांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, लिहून पोट भरतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

तापीकाठ, तुमची तपासणी बरोबर आहे. याला नाव आहे. अशा उणिवांची एक जागतिक यादी असते, त्यात हा प्रकार सीडब्ल्यूई-८६२ म्हणून नोंदलेला आहे: अधिकार न तपासता काम करून देणं. यात अपूर्वाई काहीच नाही. २०२४ सालच्या सगळ्यात धोकादायक पंचवीस उणिवांच्या यादीत ती नवव्या क्रमांकावर होती.

फक्त तुमच्या टीसीच्या उदाहरणात मी एक डबा जोडतो. दोन प्रश्न वेगळे आहेत. 'तू कोण?' हा एक आणि 'तुला हे करायची मुभा आहे का?' हा दुसरा. रूळ ओलांडून आलेल्याला पहिलाच प्रश्न कोणी विचारला नाही. पण समजा एखादा जनरलचं तिकीट काढून, टीसीला दाखवून, एसीच्या डब्यात जाऊन झोपला, तर? त्याची ओळख पटलेली आहे, तिकीट खरं आहे, तरी ती जागा त्याची नाही. तुमच्या डब्याने उद्या टोकन तपासायला सुरुवात केली तरी हा दुसरा घोळ शिल्लक राहू शकतो. लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायला पाहुण्याने एकदा पिन टाकून फोन जोडला, तर त्याच टोकनवर त्याला सगळं पुसायचा हुकूमही देता यायला नको. आवाज वाढवणं आणि फॅक्टरी रिसेट यांना एकाच मापाने मोजणं हीच चूक.

हे होतं कसं? चिप बनवणारी कंपनी डबा बनवणाऱ्याला नमुन्याचं सॉफ्टवेअर देते. त्यात कारखान्यातल्या तपासणीसाठी बरेच हुकूम मोकळे ठेवलेले असतात. पट्ट्यावरून एकामागून एक डबे येताहेत, तिथे पासवर्ड टाकत कोण बसणार? डबा बनवणारा त्यावर आपला लोगो, आपलं वेबपान आणि लॉगिन चढवतो. लॉगिन लिहिणारे वेगळे, ॲप लिहिणारे तिसरेच. आणि प्रत्येक हुकमाच्या तोंडाशी तपासणीची ओळ लिहायची ठेवली की साठ हुकमांत दहा-पंधरा ठिकाणी ती राहून जाते. मी स्वतः विसरलोय, सांगायला लाज कसली. म्हणून तपासणी हुकमागणिक लिहूच नये. सगळ्या हुकमांच्या अलीकडे एकच नाका ठेवायचा, आणि ज्याला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही त्याला 'नाही' म्हणायचं. कारखान्यातले हुकूम तर विकायच्या फर्मवेअरमध्ये असूच नयेत.

नावाजलेल्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. बिटडिफेंडर या सुरक्षा कंपनीच्या लोकांना एलजीच्या वेबओएस टीव्हींत असंच सापडलं होतं, ते एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. सीव्हीई, म्हणजे सापडलेल्या उणिवेला मिळणारा नोंदणी क्रमांक, सीव्हीई-२०२३-६३१७. तिथेही फोन जोडताना टीव्हीवर पिन येतो, पण तो टप्पा चुकवून थेट नवा वापरकर्ता तयार करता येत होता. बाकीच्या उणिवा त्याला जोडल्या की टीव्हीचा पूर्ण ताबा. ही सेवा खरं तर घरच्या नेटवर्कपुरती, तरी इंटरनेटवर उघडे पडलेले ९१ हजारांहून जास्त टीव्ही त्यांना शोधात दिसले. एलजीने आधी, मार्चमध्ये, दुरुस्ती दिली होती, मग गवगवा झाला. क्रम तो असावा.

आता माझा प्रश्न. डबा तुमच्या राउटरच्या मागे आहे की सरळ ओएनटीला, म्हणजे फायबर घरात येतो त्या पेटीला? पत्ता काय दिसतोय?

तापीकाठ | बुधवार, सकाळी ७:२०

ब्रॉडगेजभाऊ, नेमक्या जागी हात घातलात. डबा राउटरला जोडलेलाच नाही. फायबरवाल्या पोराने ओएनटीच्या दुसऱ्या पोर्टला वायर लावून दिली होती, म्हणे असं केलं की टीव्ही अडकत नाही. राउटरमागच्या सगळ्यांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात, डब्याचा १० ने. काल लॅपटॉप त्याच वायरीवर लावूनच तपासलं होतं, पण याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

म्हणजे डबा माझ्या घरात आहे, पण माझ्या नेटवर्कात नाही. असंच ना?

ब्रॉडगेज | बुधवार, सकाळी ८:०५

असंच. तो ऑपरेटरच्या नेटवर्कात आहे. म्हणून वायफायचा पासवर्ड बदलून काही फरक पडला नाही. टीव्हीसाठी ऑपरेटर वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग, ठेवतात, त्यात त्या ओएलटीवरच्या (ऑपरेटरकडचं यंत्र, जिथून घरोघरचे फायबर निघतात) सगळ्या गिऱ्हाइकांचे डबे असतात. गिऱ्हाइकाचा डबा फक्त वर सर्व्हरशी बोलेल, आडवा शेजाऱ्याशी बोलणार नाही, अशी सेटिंग ओएलटीवर असते. ती बंद असेल तर अख्खी कॉलनी एकाच ओसरीवर बसलेली आहे.

एक गोष्ट लगेच बघा: ५५५५ पोर्ट (डब्याचं नेटवर्कवरचं एक दार) उघडा आहे का?

तापीकाठ | बुधवार, सकाळी ८:१९

आहे.

ब्रॉडगेज | बुधवार, सकाळी ८:४०

मग फुकटफौजदारांना उत्तर मिळालं. ५५५५ म्हणजे नेटवर्कवरून चालणारं एडीबी. अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांसाठी ठेवलेलं दार. त्यातून ॲप टाकता येतं, फाइल काढता येते, हुकूम चालवता येतो. अँड्रॉइड ४.२.२ पासून नव्या संगणकाला परवानगी द्यायची का असं ते पडद्यावर विचारतं. पण काही डबे बनवणारे तो प्रश्नच काढून टाकतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये एडीबी.मायनर नावाचा किडा याच पोर्टवरून एका डब्यातून दुसऱ्यात पसरला होता. त्यात बरेच टीव्ही बॉक्स होते. डबे गरम होत राहिले आणि कोणासाठी तरी मोनेरो हे आभासी चलन खणत राहिले. टीव्हीवर काहीच दिसत नव्हतं. आवाज वाढला हे तुमचं नशीब समजा. आवाज न करणारा आला असता तर आईला कळलंही नसतं.

सेटिंगमध्ये डेव्हलपर पर्याय असतील, तिथून डीबगिंग बंद करा. बंद करून, रिबूट करून, पोर्ट परत तपासा. काही डबे रिबूट झाले की स्वतःच चालू करून बसतात.

फुकटफौजदार | बुधवार, दुपारी १:१५

बरं, माघार. पण माझा बॉक्स राउटरच्या मागेच आहे. बाहेरचा माणूस माझ्या हॉलमध्ये येणार कसा? मग मी कशाला घाबरू?

ब्रॉडगेज | बुधवार, दुपारी २:०२

घाबरू नका, पण निर्धास्तही राहू नका. माणूस बाहेर असला तरी तुमचा ब्राउझर घरातच असतो. २०१८ मध्ये ब्रॅनन डॉर्सी या संशोधकाने दाखवलं होतं ते बघा. तुम्ही एखादं वेबपान उघडता. ते ज्या नावावरून आलं, त्या नावाचा पत्ता मागच्या मागे बदलून तुमच्या घरातल्या डब्याचा केला जातो. ब्राउझरला वाटतं आपण त्याच वेबसाइटशी बोलतोय, प्रत्यक्षात पानातला कोड तुमच्या डब्याला हुकूम देतो. डीएनएस रिबाइंडिंग म्हणतात याला. त्यांच्या यादीत टीव्हीला जोडायची रोकू, क्रोमकास्ट अशी उपकरणं होती. रोकूचा ८०६० पोर्ट तर काहीच न विचारता बाहेरून आलेला हुकूम मानायचा, कारण 'घरातला आहे म्हणजे आपलाच' हे गृहीत.

सगळं दुखणं या एका गृहीतकात आहे. घरात आलेला प्रत्येक जण घरचा असतो का? आपल्याकडे लग्नघरात विचारून बघा.

केळीबागवाला | बुधवार, संध्याकाळी ६:३०

रावेरहून नमस्कार. मी ऑनलाइन दीड हजारात एक बिनकंपनीचा डबा घेतलाय, 'सगळे चॅनल फुकट' लिहिलेला. तोही असाच असेल का? दोन महिन्यांपासून नेट हळू झालंय असं पोरगा म्हणतो.

ब्रॉडगेज | बुधवार, रात्री ९:१०

दादा, तुमची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट असू शकते. तापीकाठच्या डब्यात कुलूप लावायचं विसरलंय. 'सगळं फुकट' वाल्या काही डब्यांत चोर कारखान्यातूनच आत बसून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीने व्हो१डी नावाच्या प्रकाराबद्दल सांगितलं होतं: सुमारे १३ लाख टीव्ही बॉक्स, १९७ देशांत. नंतर बॅडबॉक्स २.० निघालं. त्याबद्दल जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीर इशारा दिला, आणि जुलैमध्ये गूगल कोर्टात गेलं. आकडा एक कोटीच्या वर डब्यांचा. असा डबा तुमचं कनेक्शन भाड्याने देतो. तुमच्या घरच्या पत्त्यावरून दुसराच कोणीतरी कुठेतरी लॉगिन करत बसतो, खोट्या जाहिराती दाबत बसतो. नेट हळू होण्याचं हे एक कारण असू शकतं. पोरगा तीन मोबाइलवर गेम डाउनलोड करतोय हेही असू शकतं.

डब्यात प्ले स्टोअर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे की नाही ते दिसतं. नसेल, किंवा प्ले स्टोअरच नसेल, तर मी तो डबा घरच्या नेटला जोडणार नाही. दीड हजार गेले म्हणायचे.

केळीबागवाला | बुधवार, रात्री ९:२५

केळीच्या भावाने यंदा रडवलंच आहे, त्यात आणखी दीड हजार. काढला डबा. पोरगा जेवत नाहीये.

तापीकाठ | शुक्रवार, रात्री ८:४५

चोर सापडला. आणि तो चोर नाही.

काल संध्याकाळी परत बटणं सुरू झाली तेव्हा मी डब्याच्या वायरीवर लॅपटॉप लावून बसलो होतो. हुकूम कुठून येताहेत तो पत्ता मिळाला. ऑपरेटरचा माणूस ओळखीचा, त्याने यादी बघून नाव नाही सांगितलं (बरोबरच केलं), पण म्हणाला, "तुमच्या मागच्या गल्लीत आहे, मीच जाऊन येतो, चला सोबत."

दार उघडलं आठवीतल्या पोराने. त्यांच्याकडेही तोच डबा, पंधरा दिवसांपूर्वी बसवलेला. पोरगा रडकुंडीला आलेला: "काका, आमचा टीव्ही ऐकतच नाही. मी गाणं लावतो, काहीच होत नाही."

त्याच्या फोनात ॲप उघडून बघितलं. 'उपकरण निवडा' खाली यादी. एकाच नावाचे एकोणचाळीस डबे. सगळ्यांचं नाव तेच, कारखान्यातून आलेलं, कोणीच बदललेलं नाही. त्याचा खरा डबा यादीत कुठेतरी खाली, आणि वर आमचा. तो रोज वरच्यावर बोट ठेवत होता. ॲपने पिन का विचारला नाही? कारण नाव तेच दिसल्यावर ॲपला वाटलं हा जोडलेलाच डबा आहे, आणि त्याने पोराच्या डब्याचं टोकन आमच्या डब्याला पाठवलं. आमचा डबा टोकन वाचत नाही हे वर लिहिलंच आहे. त्याच्या जागी भरीत चालतं, तर हे का नाही चालणार?

पोराची आई म्हणाली, "हा परवा सकाळी म्हणत होता, वरातीचं गाणं लावतो, आवाज फुल्ल करतो, तरी ऐकू येत नाही." त्याला ऐकू येत नव्हतं, भो. आमच्या मावशीला येत होतं.

गिरणाई | शुक्रवार, रात्री ८:५८

😂😂 मावशी कशा आहेत आता?

तापीकाठ | शुक्रवार, रात्री ९:०१

मावशी म्हणते पोराची दृष्ट काढा, त्यालाच जास्त त्रास झाला.

धुळेकरीण | शुक्रवार, रात्री १०:१५

हसू आलं, पण एक विचारते. डब्याचं नाव-मॉडेल का लिहीत नाही तुम्ही? मी सासूबाईंसाठी मागच्याच महिन्यात ऑपरेटरकडून एक घेतलाय. त्या दिवसभर एकट्या असतात. तोच असेल तर मला कळायला नको? लपवून कोणाचा फायदा होतोय?

तापीकाठ | शुक्रवार, रात्री १०:४०

ताई, राग समजतो. नाव लिहिलं तर तुम्हाला कळेल, आणि ज्याला कळू नये त्यालाही कळेल. अजून दुरुस्ती आलेली नाही. एका गल्लीत एकोणचाळीस डबे आहेत, प्रत्येकाला रिकामं टोकन पाठवून सगळं पुसता येतं. इथे कृती लिहिली तेवढीच जास्त झाली असं आता वाटतंय. संपादकांना सांगून त्यातला पोर्टचा आकडा मघाशीच काढला.

तुम्ही मॉडेल न कळताही तपासू शकता. तुमच्याच ॲपमध्ये उपकरणांची यादी उघडा. घरात एक डबा आणि यादीत एक, तर ठीक. जास्त दिसले तर ऑपरेटरला फोन करा.

फुकटफौजदार | शुक्रवार, रात्री १०:५५

मी धुळेकरीण यांच्या बाजूने. दबाव आल्याशिवाय कोणतीही कंपनी हलत नाही. नाव टाका, बोंबाबोंब होऊ द्या.

ब्रॉडगेज | शुक्रवार, रात्री ११:३०

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच मधला रस्ता तयार झालाय. आधी कंपनीला गुपचूप कळवायचं, मुदत द्यायची, मुदतीनंतर जाहीर करायचं. प्रोजेक्ट झीरो हे उणिवा शोधणारं गूगलचं पथक ९० दिवस देतं. कंपनी दाद देत नसेल तर आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा आहे. ते अशा उणिवांच्या नोंदी घेतात, कंपनीशी बोलतात, आणि २०२१ पासून स्वतः सीव्हीई क्रमांकही देऊ शकतात. त्यांना लिहिताना मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, काय केलं आणि काय झालं, एवढं साध्या इंग्रजीत लिहा. व्हिडिओ जोडा.

आणि उत्साही मंडळींसाठी: फक्त स्वतःच्या डब्यावर. यादीत शेजाऱ्याचा दिसतोय म्हणून त्याला हुकूम पाठवून बघू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ विनापरवानगी शिरणाऱ्यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'दार उघडंच होतं साहेब' हे तिथे चालत नाही.

वांग्याचा देठ | शनिवार, सकाळी ६:५०

अवांतर: बिबडे भुसावळकडे जाड लाटतात... म्हणजे पसरतात का? आमच्याकडे यावलला पातळ. तीळ घालता की नाही? टीव्हीचं काय ते चालू द्या.

तापीकाठ | शनिवार, सकाळी ७:१५

तीळ घालतो. लसूण-मिरचीही. पसरतात, लाटत नाहीत, लाटला तर आई घराबाहेर काढेल. पातळ-जाडवरून वेगळा धागा काढा, इथे मारामाऱ्या होतील.

दादरची भाकर | शनिवार, दुपारी १२:१०

मना यादीमा सत्तावीस दिखी ऱ्हायनात. फायबरवालाले फोन करा, तो सांगस रिसेट मारा.

तापीकाठ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, कामं होती. काय झालं ते सांगतो.

ऑपरेटरकडे मी स्वतः गेलो. पहिल्यांदा मलाही "रिसेट मारा" सांगितलं. मग मी त्यांच्या ऑफिसातल्या टीव्हीवर ॲपची यादी उघडून दाखवली, त्यात त्यांच्या मालकाच्या घरचा डबाही होता. खुर्ची आली, चहा आला. ओएलटी बघणाऱ्या पोराने सेटिंग उघडली तर गिऱ्हाइकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा पर्याय बंद. दीड वर्षापूर्वी एका व्यापाऱ्याला दुकानातले कॅमेरे घरी बघायचे होते, म्हणून कोणीतरी तो तात्पुरता बंद केला होता. तात्पुरता. अर्ध्या तासात परत चालू केला, व्यापाऱ्याला वेगळा मार्ग काढून दिला. आमच्या यादीत आता एकच डबा दिसतो.

मुख्य दुखणं मात्र डब्याचं. कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर दोनदा लिहिलं, एकदा मेल परत आला, एकदा आलं ते यांत्रिक उत्तर. सर्ट-इनला लिहिलं, पोच मिळाली. आणि परवा ॲपला अपडेट आलं, 'सुरक्षेत सुधारणा' असं लिहिलेलं. मी आनंदाने लॅपटॉप काढला. ॲपमध्ये आता दुसऱ्याचे डबे यादीत येतच नाहीत, आणि नवीन डबा निवडला की पिन विचारल्याशिवाय पुढे जात नाही. छान. मग टोकनच्या जागी 'भरीत' लिहून लॅपटॉपवरून हुकूम पाठवला.

आवाज वाढला.

ब्रॉडगेज | रविवार, रात्री ८:१०

नेहमीचंच. ॲप बदललं, फर्मवेअर तसंच. म्हणजे तुमच्या जंक्शनवर यार्डाकडे जायची पाटी काढून टाकली, रूळ तिथेच आहेत. ॲप हा गिऱ्हाइकाच्या हातातला तुकडा, त्यातली तपासणी म्हणजे प्रवाशानेच स्वतःचं तिकीट तपासायचं. डब्याने स्वतः विचारल्याशिवाय ती दुरुस्ती नाही. ॲप-अपडेट करायला दोन दिवस लागतात, फर्मवेअर बदलायला चिपवाल्याकडून नवा पाया, पुन्हा चाचण्या, शिवाय मधेच वीज गेली आणि डबा बंद पडला तर बदलून द्यायचा खर्च, त्यामुळे हे टाळत राहतात. सर्ट-इनला हाच व्हिडिओ पाठवा, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी लावून.

तोपर्यंत डबा राउटरच्या मागे घ्या, आणि राउटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क असेल तर त्यात टाका.

तापीकाठ | रविवार, रात्री ८:३२

डबा कालच राउटरमागे घेतला. टीव्ही अजून एकदाही अडकलेला नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कात टाकला तर फोनचं ॲप त्याला सापडत नाही, म्हणून रिमोटसाठी नवीन सेल आणले. आईने ते दुपारी वजनकाट्यात घातले.

धुळेकरीण | रविवार, रात्री ९:०५

सासूबाईंच्या ॲपमध्ये अपडेटच्या आधी मी यादी बघितली होती, चौदा डबे होते. अपडेट केल्यावर एक. पण तुमचं वाचून कळलं की ते चौदा अजून तिथेच आहेत, फक्त दिसत नाहीत. उद्या ऑपरेटरकडे जाते. ओएलटीवरच्या त्या सेटिंगला काय म्हणायचं ते नीट लिहून द्या, नाहीतर मलाही रिसेट मारायला सांगतील.

तापीकाठ | रविवार, रात्री ९:१४

'पोर्ट आयसोलेशन' म्हणा, ते चालू हवं. काही ओएलटीवर उलट 'पी-टू-पी' असं लिहिलेलं असतं, ते बंद हवं. समजत नाही म्हणाले तर एवढंच विचारा: माझा डबा शेजारच्या डब्याशी बोलू शकतो का? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, समोर करून दाखवायला सांगा.

गिरणाई | रविवार, रात्री १०:४०

मी अजून अपडेट केलेलं नाही. यादीत अकरा डबे आहेत. दहांची नावं तीच, कारखान्याची. एकाचं नाव कोणीतरी बदललंय, 'आजोबांची खोली'. चालू दिसतोय, आवाज १०० वर आहे, रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. झोपले असतील बहुतेक. कमी करू का?

तापीकाठ | रविवार, रात्री १०:४३

नको. हात लावू नका. यादीचा फोटो काढा आणि सकाळी ऑपरेटरला दाखवा.

गिरणाई | रविवार, रात्री १०:४४

बरं. काढला. अजून १०० वरच आहे.